विनीमावशीच्या धुराड्यातल्या तीन विटा

ही गोष्ट मी याआधी दोनदा सांगितली आहे. दोन्ही वेळा "माझ्या एका मित्राच्या बाबतीत घडलं" असं म्हणून.

खोटं होतं ते. मित्रबित्र कुणी नाही. तो मीच.

बाकी यातला शब्द न् शब्द खरा आहे. पटलं नाही तर सोडून द्या. मला स्वतःलाच अजून धड पटलेलं नाही.

लीड्स शहर. हार्क्रॉफ्ट टेरेस, घर नंबर आठ. १४ जानेवारी १९८४, शनिवार. दुपारचे चार वाजत आले होते. आमच्याकडे जानेवारीत तेवढ्यात अंधार पडतो.

पण त्या शनिवारावर येण्याआधी मागचं सांगावं लागेल. मागचंच सांगायला जड जातं.

माझं नाव नॉर्मन ऑल्डरसन. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचो. बायको बेरिल कापडाच्या दुकानात होती. आम्ही आठ नंबर घेतलं तेव्हा मी हवेत होतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली बारा घरांची ती रांग. लाल विटांची, खांद्याला खांदा लावून उभी. दारात रंगीत फरशी, पुढे आलेली तीन तावदानांची खिडकी, बैठकीच्या छताला गिलाव्यात काढलेलं भलंमोठं फूल. खिडकी वर सरकवली की चौकटीच्या पोटात लपवलेली लोखंडी वजनं खाली जायची, धडधड आवाज करत.

सगळी रांग संरक्षित होती. म्हणजे घर आपलं, पण खिळा ठोकायचा तरी शहराच्या कौन्सिलला विचारून. सात नंबरवाल्याने दार पिवळं रंगवलं, तर कौन्सिलच्या बाईने ते खरवडून पुन्हा काळं करायला लावलं होतं.

शेजारी, नऊ नंबरमध्ये, विनीमावशी.

विनिफ्रेड ओल्डरॉइड. वय एक्याऐंशी. अख्खी गल्ली तिला मावशीच म्हणायची. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. मूलबाळ नाही. हॅलिफॅक्सला एक भाची, ग्वेन, तेवढंच आपलं माणूस.

आमच्या आणि तिच्या घरात एकच भिंत. त्या भिंतीत दोन्ही घरांच्या शेगड्या पाठीला पाठ लावून बसवलेल्या. आमची आम्ही बंद केली होती. तिची रोज पेटायची. निखारे ढोसायची सळई घेऊन ती शेगडीच्या मागच्या लोखंडी पत्र्यावर ठोकायची. आवाज थेट आमच्या मागच्या खोलीत.

दोन ठोके म्हणजे चहा झालाय.

तीन ठोके म्हणजे लवकर ये.

टेलिफोन होता तिच्याकडे. पण म्हणायची, "त्याला पैसे पडतात. सळई फुकट आहे."

आता ते काम.

बेरिलला मोठं न्हाणीघर हवं होतं. टब ठेवायला वरच्या मागच्या खोलीत जागा होती, फक्त धुराड्याचा खांब आड येत होता. भिंतीतून हातभर पुढे आलेला. तो पाडायला परवानगी लागणार. परवानगीला सहा महिने लागणार. आणि एवढं करून मिळणार नाहीच.

मी ठरवलं, कशाला विचारायचं? आतलं काम. बाहेरून कुणाला दिसतंय?

१९८३च्या ईस्टरच्या सुटीत, बेरिल दुकानात असताना, मी एकट्याने तो खांब उतरवला. वरचं वजन पेलायला माळ्यावर लोखंडी आधार दिले. ते काम मी चोख केलं होतं.

तिसऱ्या दिवशी हातोडा जरा जास्त जोरात बसला.

मागे अर्ध्या विटेची पडदी होती. तिच्या पलीकडे विनीमावशीच्या धुराची वाट. पडदीला भोक पडलं... आणि विटा आत गेल्या.

खड्... खड्... खड्... धप्.

मग शांत.

मी भोकातून हात घातला. तळहाताला ऊब लागली. खाली तिची शेगडी पेटलेली होती.

तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. दहा पावलांवर दार होतं. "मावशी, माझ्या हातून विटा पडल्यात, दोन दिवस पेटवू नका, मी काढतो." एवढंच.

पण सांगितलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. कौन्सिल, कोर्ट, शाळेत नाचक्की. मी भोकात विटेचे तुकडे भरले, गिलावा केला, वर फरशी लावली.

संध्याकाळी ती दारात उभी. "काय रे नॉर्मन, आभाळ पाडतोयस का? माझी भांडी नाचली."

"फळ्या ठोकतोय मावशी."

"फळ्या ठोकतोयस की जहाज बांधतोयस? त्या कौन्सिलवालीला कळलं तर तुलाच खरवडून काळा रंगवेल हो!"

आम्ही दोघंही हसलो.

उन्हाळा गेला. शेगडीची फारशी गरज पडली नाही. मी विसरलो. म्हणजे... विसरल्यासारखं केलं.

नोव्हेंबरात तिचं डोकं दुखायला लागलं. शेगडी नीट पेटेना. शहरात धुराचा कोळसा जाळायला बंदी होती, सगळे बिनधुराचा जाळायचे. धूर नाही, त्यामुळे काही बिघडलंय ते दिसतही नाही.

रविवारी, ४ डिसेंबरला तिने दोन ठोके दिले. मी गेलो.

"नॉर्मन, तू हाताचा कारागीर. जरा बघ ना वर. धुराडंवाल्याला बोलावू का?"

"थांबा, मी बघतो," मी घाईघाईने म्हणालो.

पाठीवर झोपून मी टॉर्च वर मारला. सगळीकडे काजळी. आणि वाट जिथे वळते तिथे, काजळीच्या ढिगातून वर आलेला एक लाल कोपरा. ताज्या फुटलेल्या विटेचा.

"काय दिसतंय?"

"काही नाही मावशी. हवा जड आहे, म्हणून निखारे सुस्तावलेत."

"मग ठीक. तू बघितलंस ना, झालं तर."

तिने चहा दिला, आल्याचा केक दिला. मी दोन तुकडे खाल्ले.

मनात हिशेब पक्का होता. शनिवारी ती ग्वेनकडे जायची. तिची किल्ली माझ्याकडे असायची. शनिवारी जाऊन विटा गुपचूप काढायच्या. कुणाला कळायला नको. सहा दिवसांचा तर प्रश्न.

गुरुवारी दुपारी चार वाजता भिंतीवर दोन ठोके पडले.

मी शाळेतून नुकताच आलो होतो. गेलो नाही. पुन्हा डोकेदुखी, पुन्हा शेगडी... तिच्या तोंडाकडे बघणं मला नको झालं होतं. मी मुलांच्या वह्या तपासत बसलो.

थोड्या वेळाने एक ठोका पडला.

एकच.

मी दुसऱ्याची वाट बघितली. आला नाही. एका ठोक्याचा आमच्यात काही अर्थच ठरलेला नव्हता.

शुक्रवारी सकाळी तिच्या पायरीवर दुधाची बाटली तशीच उभी होती.

दार मीच उघडलं. ती खुर्चीत होती. गालांवर लाली. झोपल्यासारखी. सळई मांडीवर.

चौकशी झाली. धुराडं तुंबून कोळशाचा विषारी वायू खोलीतच साठला होता. आलेल्या माणसाने धुराड्यातून विटा काढल्या आणि शेगडीपुढे ओळीने मांडल्या. तीन. म्हणाला, जुनी धुराडी आतून ढासळतात, नवल नाही. मग सहज विचारल्यासारखं माझ्याकडे वळला.

"तुमच्या बाजूने काही काम केलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. त्याने तो लिहून घेतला.

अंत्यविधीला ग्वेनने माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही होतात म्हणून मला तिची काळजी नव्हती," म्हणाली. घर विकेपर्यंत किल्ली माझ्याकडेच ठेवली. मी तिची शेगडी साफ केली, राख काढली, पाण्याचा नळ बंद केला, कुलूप लावलं.

त्यानंतरचा सोमवार. १९ डिसेंबर.

चार वाजले होते. मी मागच्या खोलीत एकटा.

ठक्... ठक्.

"आलो मावशी!" मी ओरडलो. उठलो. चपला घातल्या. दाराच्या कडीला हात गेला...

आणि आठवलं. नऊ नंबरला कुलूप होतं, ते मीच लावलं होतं.

मी तसाच उभा राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. घरात आवाज नाही. रस्त्यावर आवाज नाही.

मग भिंतीतून... एक ठोका.

मी किल्ली घेऊन गेलो. का गेलो? वाटलं, चोर असेल. चोर असता तर किती बरं झालं असतं.

नऊ नंबर गारठलेलं होतं. तोंडातून वाफ निघत होती. मागच्या खोलीत दिवा लावला. कुणी नव्हतं.

पण शेगडी रचलेली होती.

खाली कागदाचे पिळे, वर बारीक काटक्या, वर कोळसा. ती रचायची तशीच. मी स्वतः ती रिकामी करून, पुसून गेलो होतो. किल्ली माझ्या खिशात होती.

मी कागदाचा एक पिळा उपसला. उलगडला.

आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र. त्यातलं शब्दकोडं अर्धवट सोडवलेलं.

अक्षर माझं.

सकाळपासून मी तेच वर्तमानपत्र घरभर शोधत होतो.

मीच येऊन शेगडी रचली होती का? झोपेत? भ्रमात? आजही शपथेवर "नाही" म्हणता येणार नाही. माझ्या "नाही"ला तशीही काय किंमत आहे.

बेरिलला मी काही सांगितलं नाही. सांगायचं तर विटांपासून सांगावं लागलं असतं. तिला वाटत होतं, खांब पाडला तेवढंच. नाताळ गेला. रोज चारला मी बाहेर पडायचो. पार्कात फिरायचो, ग्रंथालयात बसायचो. बेरिल म्हणायची, "घराला काटे फुटलेत का तुझ्या?"

आणि मग तो शनिवार.

बेरिलला अर्धा दिवस सुटी होती. तिने टब भरला. मी खाली कोट चढवत होतो. चारला पाच कमी.

वरून तिचा आवाज आला. "नॉर्मन, ही भिंत गरम कशी रे लागते?"

"कुठली भिंत?"

"टबामागची. छान आहे. पाठ शेकतेय."

त्या भिंतीपलीकडे रिकामं घर होतं. महिनाभर न पेटलेली शेगडी.

"बेरिल, बाहेर ये."

"आत्ता तर बसले!"

"बाहेर ये म्हणतो ना!"

ती हसली. "झालंय काय तुला..."

आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं.

पाणी हलत होतं ते थांबलं. मी जिन्यावरून धावलो. दाराला आतून कडी. हाका मारल्या. उत्तर नाही. आत कुणीतरी निखारे ढोसत होतं... सावकाश... लोखंडावर लोखंड घासल्यासारखं. माझ्या न्हाणीघरात. जिथे शेगडी नव्हती.

मी खांद्याने दार फोडलं.

बेरिल टबात घसरली होती. पाणी हनुवटीला. डोळे मिटलेले. गाल लालबुंद.

तसेच गाल मी महिन्यापूर्वी बघितले होते.

तिला ओढून बाहेर काढलं, पायरीवर नेलं, बर्फासारख्या हवेत. सात नंबरवाल्याने ॲम्ब्युलन्स बोलावली.

इस्पितळात तरुण डॉक्टर कागद हातात घेऊन आला.

"घरात काय जाळता तुम्ही?"

"म्हणजे?"

"रक्तात कोळशाचा विषारी वायू सापडलाय. शेगडी, गॅस, रॉकेल... काय आहे?"

"काही नाही," मी म्हणालो. "सगळं विजेवर आहे. आमच्या घरात काहीच जळत नाही."

या वेळचं माझं "नाही" खरं होतं. त्याचा विश्वास बसला नाही. गॅसवाले येऊन दोन दिवस घर तपासून गेले. दोन्ही घरं. यंत्राचा काटा हलला नाही.

बेरिल दुसऱ्या दिवशी बोलायला लागली. उशीला टेकून, माझ्याकडे न बघता.

"विनीमावशी होती रे."

मी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"भिंतीमागून बोलत होती. मी म्हटलं, मावशी, डोकं फार दुखतंय. तर म्हणाली, माझंही गं. नॉर्मनला सांग, तो बघेल." मग तिने मान वळवली. "काय बघायचं होतं तुला?"

तिथे, त्या खाटेजवळ, मी सगळं सांगितलं. हातोडा, विटा, गिलावा. बेरिलने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी दोनच प्रश्न विचारले.

"टॉर्च घेऊन बघितलंस तेव्हा वीट दिसली होती?"

"हो."

"आणि नंतर तिच्याकडचा केक खाल्लास?"

"हो."

तिने तोंड भिंतीकडे केलं. इस्पितळातून ती परस्पर बहिणीकडे वेकफिल्डला गेली. तिचे कपडे मी बॅगेत भरून पोचवले. हार्क्रॉफ्ट टेरेसच्या त्या घरात तिने पुन्हा पाऊल ठेवलं नाही. माझ्या आयुष्यातही नाही.

मी कौन्सिलला पत्र लिहिलं. परवानगी न घेता धुराडं पाडलं, एवढंच. पिवळं दार खरवडायला लावणारी तीच बाई आली, फोटो काढून गेली. होतं तसं बांधून द्या, असा हुकूम झाला. मी माझ्या हाताने विटेवर वीट चढवली. जुन्या विटा, चुन्याचा गारा, जसं मुळात होतं तसंच. पत्रात विनीमावशीचं नाव मात्र लिहिलं नाही. पेन तीनदा उचललं होतं.

खांब पुरा झाला त्या दिवसापासून ठोके थांबले. भिंत गार. मला वाटलं, सुटलो.

राहिली होती ग्वेन.

पुढच्या वर्षी, जानेवारीतच, मी हॅलिफॅक्सला गेलो. सकाळची वेळ, सगळीकडे बर्फ. ग्वेनने दार उघडलं, कोट काढून घेतला, चहा ठेवला. छोटंसं नवं घर, कोपऱ्यात विजेचा हीटर. किती आनंदली होती मला बघून!

मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. एका दमात. थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो.

ती ओरडली नाही. रडलीही नाही. बराच वेळ टेबलक्लॉथची कड बोटांनी सरळ करत राहिली.

"बुधवारी रात्री मी तिला फोन केला होता," ती म्हणाली. "म्हटलं मावशी, डोकं दुखतंय तर धुराडंवाल्याला बोलाव. म्हणाली, कशाला उगाच? नॉर्मनने स्वतः झोपून बघितलंय. आता काळजी नाही."

मला वर बघवेना.

"मला माफ कर" हे शब्द ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात ग्वेनने कपाळाला हात लावला. डोळे बारीक केले. उठली, आणि बाहेर बर्फ पडत असताना खिडकी सताड उघडली.

मग दुसरी उघडली.

"काय झालं?" मी विचारलं.

"डोकं भणभणतंय," ती म्हणाली. "गुदमरल्यासारखं होतंय. मघापर्यंत बरी होते मी." ती खिडकीतून श्वास घेत राहिली. मागे वळली नाही. "तुम्ही जा आता."

मी गेलो.

परतीच्या बसमध्ये मागच्या बाजूला बसलो. माझ्या पुढे एक बाई होती, मांडीवर पिशवी, गुडघ्यांवर शाल. ओळख ना पाळख. बस दोन थांबे गेली असेल. तिने कानशिलं दाबली. इकडेतिकडे बघितलं. मग त्या कडाक्याच्या थंडीत खिडकीची काच सरकवली आणि तोंड बाहेर काढलं.

मी पुढच्या थांब्यावर उतरलो. उरलेली सगळी वाट चालत गेलो.

आता मी पंचाहत्तरचा आहे. एकटा राहतो. लोक घरी बोलावतात, चांगली माणसं आहेत. मी जातो, दारातच उभा राहून बोलतो, निघतो. आत या, बसा म्हणतात.

मी बसत नाही.